फार डार्क, की फार गोडगोड? अद्भुतकथेतल्या आवडीनिवडीची मराठी पार्श्वभूमी

दादर-गिरगावातल्या वाचनालयाच्या काउंटरवर फँटसी मागणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. ‘फार डार्क आहे हो, झेपत नाही’ ही एक आणि ‘छान आहे, पण काही घडतच नाही’ ही दुसरी. पहिली तक्रार सुराची आहे, दुसरी संघर्षाची. या दोन गोष्टी एकच समजल्या की सल्ला फसतो. ज्याला घनघोर लढाई हवी असते, फक्त शेवटी आपला माणूस जगलेला हवा असतो, त्याच्या हातात चहा-बिस्किटांची गोष्ट पडते आणि तो पुस्तक चौथ्या दिवशी परत आणतो.

हा घोळ जुना आहे. नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक, त्याचा स्थायीभाव विस्मय. निर्वहण संधीत, म्हणजे नाटकाच्या समारोपात, अद्भुत रस असावा असेही तिथे सांगितले आहे. मधल्या अंकांत कितीही ताटातूट होवो, शेवटी अनपेक्षित सुटका व्हायचीच. टॉल्किन यांनी 1947 मध्ये छापलेल्या परीकथांवरच्या निबंधात अशाच अचानक सुखद कलाटणीला ‘युकॅटॅस्ट्रफी’ असे नाव दिले. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण आपल्याकडच्या वाचकाला टॉल्किन परका का वाटत नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

छापील मराठीत ही चव आली ती भाषांतरांतून आणि पहिल्या कादंबऱ्यांतून. अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. 1861 मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. रिसबुडांनी प्रस्तावनेत जे लिहिले ते आजही चकित करते. आशय असा, की लग्नाच्या आपल्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मन वेधणारे दुर्गुणही नाहीत नि सद्गुणही नाहीत. जसे आहे तसे लिहिले तर वाचणार कोण? म्हणजे अद्भुताकडे वळणे ही त्यांच्या लेखी हौस नव्हती, संघर्षाच्या तुटवड्यावरची तोड होती. चारच वर्षांनी, 1872 मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) व नाटक यांवरच्या निबंधात या कादंबऱ्यांच्या अवास्तवपणावर बोट ठेवले. ‘पळवाट’ हा आरोप मराठीत तेव्हापासूनचा आहे.

पुढच्या पिढीने राक्षस कमी केले आणि कारस्थाने वाढवली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवला, तर मुंबईत जन्मलेल्या नाथमाधवांची ‘वीरधवल’ घरोघर वाचली गेली. भुयारे, वेषांतर, हरवलेला वारस असा सगळा मसाला त्या काळच्या या कादंबऱ्यांत असे. संकट मोठे, पण सूर भरवशाचा. आजही साठीच्या पुढचा वाचक फँटसीत हेच मिश्रण शोधतो, फक्त त्याला तसे नाव देत नाही.

मात्र संघर्षाची सगळ्यांत हुशार बांधणी वेताळाच्या गोष्टींत आहे, आणि ती ‘चांदोबा’मुळे मुलांपर्यंत पोचली. ती जरा उलगडून पाहण्यासारखी आहे. एका योग्याच्या सांगण्यावरून राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, चालू लागतो; वाटेत बोलायचे नाही ही अट. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी पेच टाकतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, बोललास तर मौन मोडले, मी झाडावर परत. दोन्हीकडून अडकवणारी ही अट म्हणजेच संघर्ष. तलवार एकदाही उपसावी लागत नाही. शेवटच्या गोष्टीतल्या नात्यांच्या गुंत्याचे उत्तर राजाला खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि तिथेच जिंकतो. मग वेताळ त्याला योग्याचा डाव सांगतो: तुझा बळी देण्यासाठी तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी तुम्ही करून दाखवा’ म्हण. स्मशान, प्रेत, बळी, सगळे आहे, तरी सूर काळा नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला न्याय्य उत्तर असते हे गृहीत आहे. ते गृहीतक काढून घ्या, तीच गोष्ट भयकथा होते.

ते गृहीतक मराठीत काढून घेतले जी. ए. कुलकर्णींनी. 1975 च्या ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’मध्ये प्रवास आहे, भविष्य आहे, अनोळखी नगरे आहेत, भरवसा मात्र नाही. उलट नारायण धारपांच्या समर्थकथांत अंगावर काटा येतो, पण दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक समर्थ येणार हे ठाऊक असते. भय धारपांकडे अधिक आहे, अंधार जीएंकडे. ‘डार्क’ या एका शब्दात दोघांना कोंबणे अन्यायाचे आहे.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग चाळणाऱ्या पिढीकडे नवी नावे आली. वॉरहॅमर 40,000 या टेबलावरच्या युद्धखेळाच्या घोषवाक्यातून ‘ग्रिमडार्क’ हा शब्द निघाला, म्हणजे निर्दय, आशाहीन फँटसी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1996 पासूनच्या कादंबऱ्या आणि त्यांवरची 2011 ची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका यांनी तो चव म्हणून रुळवला. त्याची प्रतिक्रिया म्हणजे ‘कोझी’, ऊबदार, निवांत फँटसी: 2022 मध्ये गाजलेल्या एका कादंबरीत ऑर्क या राक्षसी जमातीतली योद्धी तलवार टांगून कॉफीचे दुकान काढते.

पुस्तक सुचवताना म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पणाला काय लागले आहे, राज्य की दुकान? इजा टिकते का, म्हणजे दहाव्या प्रकरणात तुटलेला हात विसाव्यात आठवतो का? आणि निवेदकाचा माणसांवर भरवसा आहे का? तिसऱ्याचे उत्तर मलपृष्ठावर मिळत नाही. त्यासाठी पुस्तकातला पहिला मृत्यू शोधून ती दोन पाने वाचावीत: मेलेल्याला नाव आहे का, कोणी थांबून शोक करते का, की कथा तशीच पुढे पळते.

भाषांतरात हे सगळे पुन्हा हलते, आणि इथे बरीच मराठी पुस्तके घसरतात. ‘तलवार’चे ‘खड्ग’ केले, ‘राजा’ला ‘राजन्’ म्हटले, की हलकीफुलकी गोष्ट पोथीसारखी वाजू लागते. त्यात इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत तू, तुम्ही की आपण हे पहिल्याच पानावर ठरवावे लागते. म्हातारा जादूगार घाबरलेल्या पोराला ‘भिऊ नकोस रे’ म्हणाला तर तो आजोबा होतो, ‘घाबरू नका’ म्हणाला तर डॉक्टर, आणि ‘भय बाळगू नये’ म्हणाला तर पुढच्या प्रकरणात तो पोराला दगा देणार, अशी वाचकाची खात्री पटते.