लहान मुलाचं श्रवणयंत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणता म्हणता गावाकडे दोन-तीन वर्षं सहज जातात. मग धावपळ सुरू होते आणि अर्ज परत येतो.

श्रवणयंत्र केंद्राच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या ‘एडिप’ योजनेतून मिळतं. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि पालकांचं उत्पन्न महिना ३०,००० रुपयांच्या आत हवं. २२,५०० पर्यंत पूर्ण मदत, त्यापुढे निम्मी. तहसीलचा दाखला मात्र वर्षाचा असतो. त्यावरचा २,४०,००० हा आकडा बघून ‘आपण बसत नाही’ म्हणत परतलेली माणसं मी पाहिली आहेत. अहो, बाराने भागा! एकच कान बाधित असेल तर मात्र ४० टक्के भरत नाहीत.

खरं घोडं पेंड खातं ते बेरा चाचणीपाशी. मोठ्या मुलाला आवाज आला की हात वर करायला सांगतात. दीड वर्षाचं पोर ते कसं करणार? म्हणून त्याला झोपवून, डोक्याला इलेक्ट्रोड लावून ऐकण्याच्या नसेचा आलेख काढतात. हा रिपोर्ट नाही तर टक्केवारी नाही, टक्केवारी नाही तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही. तालुक्याला ही सोय बहुधा नसते, जिल्ह्याला तारीख मिळते. त्या दिवशी बाळाला एसटीत झोपू देऊ नका. तिथे ते टक्क जागं राहिलं की पुढची तारीख. हे कुठल्याही फॉर्मवर छापलेलं नसतं. तारखेसाठी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून लहान मुलांची तपासणी करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या.

या प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. पण आधारसाठी लागणाऱ्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं! ते आधी जिथे जन्माची नोंद झाली तिथे घालून घ्या. लहान मुलाचं प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत वाचा.

‘एकदा यंत्र घेतलं की तीन वर्षं थांबा’ असं खिडकीवर सांगतात. १२ वर्षांखालच्या मुलांना ही अट १ वर्षाची आहे.

जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी, मात्र वयाची मर्यादा ५ वर्षं आहे. तपासण्या आणि मंजुरीत महिने जातात, त्यामुळे साडेचाराव्या वर्षी जागं होणं म्हणजे उशीरच.

यंत्र येईपर्यंत बाळाशी समोर बसून, खुणा करत बोला. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही. आणि यंत्र आल्यावर शिट्टी वाजू लागली तर ते बिघडलं समजून पेटीत ठेवू नका. कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो. साचा तेवढा बदलून घ्या.