कपाटाची किल्ली कुणाकडे?

प्राथमिक शाळेचं ग्रंथालय पालकांनी मिळून चालवायचं म्हटलं की नागपुरात पहिली अडचण किल्लीची येते. पुस्तकं थोडीफार असतातच. पण कपाट मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या ऑफिसात, त्याला कुलूप, आणि प्रत्येक पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, खुर्च्या-टेबलांच्या शेजारी नोंदलेलं. बदली झाली की चार्ज देताना ते मोजून द्यावं लागतं. कमी भरलं तर भरपाई कुणाच्या खिशातून, ही धास्ती वर्षभर असते. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आले तेव्हा मला त्या कुलपाचा फार राग यायचा. हे कुलूप कुठून आलं ते समजून घेतलं, तेव्हा शिक्षकांवरचा राग गेला.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 मध्ये केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं, असा तिचा हेतू होता. त्या साहित्यात नकाशे आणि खेळणी होती, तशी ग्रंथालयासाठी पुस्तकंही होती. म्हणजे पुस्तकं शाळेत आली ती सामान म्हणून, आणि सामान जपायचं असतं. ती हाताळायला, मुलांना निवडून द्यायला माणूस मात्र आला नाही. माध्यमिक शाळेत पटसंख्येनुसार ग्रंथपालाचं पद तरी असतं, प्राथमिकला तेही नाही. माध्यमिकचंही चित्र काही फार उजळ नव्हतं. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या 1952-53 च्या मुदलियार आयोगाने लिहून ठेवलं आहे की शाळांतली पुस्तकं जुनी आणि मुलांच्या आवडीला न जुळणारी असतात, आणि ग्रंथालय कारकुनाकडे किंवा गोडी नसलेल्या शिक्षकाकडे सोपवलेलं असतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. साठ-सत्तर रुपयांचं चित्रपुस्तक धरलं तर सत्तर-ऐंशी पुस्तकं होतात. पुन्हा पुस्तकंच, माणूस नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 21 ने एक दार उघडलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम. ग्रंथालय त्या आराखड्यात घालायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही, हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं.

लोकांनी ग्रंथालयात वाटा उचलायचा ही कल्पना मात्र या कायद्यांहून खूप जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. गावाने जितकी रक्कम जमवायची तितकीच स्थानिक पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यायची, अशी तिहेरी वाटणी होती. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत. या पेटीवर माझा फार जीव आहे. पेटी आली, उघडली, वाचली, पुढे गेली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेव्हा देणगीदारांच्या पैशातून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांत फिरू लागल्या. शाळेसाठीही कपाटापेक्षा पेटीच बरी, असं माझं मत आहे. ती वर्गात नेता येते, आणि शेजारच्या शाळेशी बदलताही येते.

नागपूरचं म्हणाल तर इथल्या घरांना पुस्तक विकत घेण्याची सवय शाळांनी लावलेली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावचे लोक येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्यासमोर शिदोरीची पिशवी खांद्याला अडकवून, पोराला कडेवर घेऊन उभे असलेले आई-बाप. ज्यांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती ती माणसं पदरचे पैसे मोजून पुस्तक घेतात. पालकांना वाचनाचं काही पडलेलं नाही असं कुणी म्हणालं की मी त्यांना त्या दिवशी तिथे जाऊन यायला सांगते.

दुसरी गोष्ट भाषेची. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कारभार हिंदी आणि मराठीत चाले. महापालिकेच्या शाळा आजही मुख्यतः मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांच्या आहेत. ‘चंदामामा’ हिंदीत 1949 पासून आणि मराठीत ‘चांदोबा’ नावाने 1952 पासून निघत असे. इथल्या काही घरांत दोन्ही वाचले जात. म्हणून मराठी शाळेच्या पेटीतही हिंदी पुस्तकं असावीत, कारण वस्तीतल्या कितीतरी लेकरांची घरची बोली निराळी असते. मराठीसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 च्या बालदिनी सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. निवडक गोष्टी छापून, शिवून त्यांची पुस्तिका करणं हे एखाद्या आईचं दोन दुपारचं काम.

आता हरवण्याची भीती. केंद्र सरकारचे 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियमसुद्धा ग्रंथालयात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं स्वाभाविक मानतात. ते नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्या शाळांना लागू नाहीत. पण पुस्तक वापरलं तर थोडं हरवणारच, हे दिल्लीतल्या हिशेबनिसांनाही मान्य आहे, एवढं त्यातून दाखवता येतं. आम्ही समितीत हा नियम वाचून दाखवला आणि ठराव केला: वापरात फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकाचा भार एकट्या मॅडमवर टाकायचा नाही, त्याच्या जागी दुसरं पुस्तक पालक मिळून देतील. त्यानंतर किल्ली मिळाली.

बाकीचं काम हातांचं आहे. खाकी कागदाची कव्हरं घालणं, डिंकाने पानं चिकटवणं, पावसाळ्याआधी कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवणं, वाळवी दिसली तर खालचा कप्पा रिकामा करणं. शनिवारी दोन आया किंवा एखादे आजोबा येऊन बसले की देवघेव होते. लिहिता न येणाऱ्या आजीलाही मुलाच्या नावापुढे खूण करता येते.

विदर्भात उन्हामुळे शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. लेकरांना वाचायला सर्वांत जास्त वेळ असतो तेव्हाच कपाट बंद. म्हणून आता एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पुस्तकं घरोघरी वाटून टाकतो, एकेकाला तीन-तीन, आणि कपाट सुट्टीभर रिकामं असतं.