केडगावची प्रार्थना: दुष्काळ, प्लेग आणि 1905 चा जून

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरगुती प्रार्थनासभांत बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय नेहमी वाचला जातो. घरात आजारपण असले तर हमखास. पण वाचन बहुधा सातव्या वचनापासून सुरू होते: शेतकरी पावसाची वाट पाहतो तसा धीर धरा. आधीची सहा वचने मागे राहतात. त्यांत शेत कापणाऱ्यांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या धनवानांची याकोबाने चांगलीच खरडपट्टी काढली आहे. म्हणजे आधी अन्यायाला नाव घेऊन बोल, मग धीराचा उपदेश आणि शेवटी आजाऱ्यासाठी प्रार्थना, एकमेकांजवळ पापांची कबुली, साडेतीन वर्षांच्या अवर्षणानंतर पडलेला एलीया संदेष्ट्याच्या काळचा पाऊस. हा सगळा अध्याय सलग जगलेली जागा महाराष्ट्रात शोधायची तर दौंड तालुक्यातल्या केडगावला जावे लागते.

केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना उपासमार नुसती ऐकून माहीत नव्हती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे कुटुंब दक्षिणेत तीर्थामागून तीर्थ करत वणवण फिरत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगणारे पुराणिक. मजुरी करायची किंवा भीक मागायची, दोन्ही जमणारे नव्हते. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. आईवडील आणि बहीण त्याच काळात गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून इथे थांबत नाही.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि भुकेने हाडे वर आलेल्या शेकडो मुली-बाया घेऊन आल्या. नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरलेला. नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगाव स्टेशनाजवळ घेतलेल्या माळरानावर आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती मिशन असे आडवाटेने जन्मले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या बायांसाठी बार्तीमी सदन आणि म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन होते. शिवाय विणकाम, शेती आणि छापखाना चालत असे.

प्लेगच्या काळातली एक गोष्ट मात्र भक्तिपर चरित्रांत थोडक्यात उरकली जाते. 1897 मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहून पुण्यातल्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांचे काय हाल होतात ते उघड केले. त्यांच्याच आश्रमातली एक मुलगी त्या व्यवस्थेत हरवली होती. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि मुंबईच्या गव्हर्नरने आरोप झटकून टाकले. मला हे पत्र 1905 च्या प्रार्थनेइतकेच महत्त्वाचे वाटते. ही बाई सोसणारी होती, मुकाट्याने सोसणारी नव्हती.

1904 मध्ये वेल्समध्ये संजीवनाची, म्हणजे मंडळ्यांतल्या आध्यात्मिक जागृतीची, लाट उठली, तिच्या बातम्या इकडे येत होत्या. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेला बसायचे ठरवले. सुरुवातीला सत्तरेक जणी असत. जूनपर्यंत पाचशेच्या वर जमू लागल्या. 29 जूनच्या पहाटे वसतिगृहातली एक मुलगी आपल्यावर अग्नी उतरला म्हणत जागी झाली. शेजारणीला ती खरोखर पेटलेली दिसली, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली, आणि ओतणार तोच लक्षात आले की कुठे काही जळत नाही. ही हकीकत तिथल्या मेथडिस्ट सेविका मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा 8 वा अध्याय शिकवत असताना मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. (त्यांना तरुणपणापासूनच कमी ऐकू येई. तरीही तो गलबला त्यांना ऐकू आला असणार.) पुढचे कित्येक दिवस शाळेचे वर्ग बाजूला पडले, रडणे, पापांची कबुली, एकमेकींसाठी विनवण्या. मग मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या.

टीका झालीच. एकाच वेळी सगळ्यांनी ओरडून प्रार्थना करणे बऱ्याच मिशनऱ्यांना शिस्तीबाहेरचे वाटले. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते की भारतीय ख्रिस्ती माणसाने पाश्चात्य पद्धतीनेच शांत बसून भक्ती करावी असा काही नियम नाही. पवित्र आत्म्याला मोकळीक द्या. ज्या मुलींनी डोळ्यांदेखत घरातली माणसे मरताना पाहिली होती, त्यांच्या तोंडून बाहेर पडले ते प्रार्थना होती की इतक्या वर्षांचे दाबून ठेवलेले रडणे, हा फरक करत बसायची रमाबाईंना गरज वाटली नाही. बाहेरच्यांना ती वाटली.

एब्रम्सबाईंनी 1906 मध्ये या साऱ्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वाल्पाराइसो इथे राहणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत 1909 मध्ये असेच संजीवन झाले आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी, चळवळ उभी राहिली. सामान्यतः लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवरच्या 1906 च्या संजीवनापासून ही चळवळ जगभर सुरू झाली असे सांगतात; केडगावची तारीख त्याआधीची आहे.

रमाबाईंचा उरलेला काळ सोप्या मराठीतल्या बायबलच्या भाषांतरात गेला. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले होते.