घरी शिकणाऱ्यांची परीक्षा: नियम कुठून आले?

१८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी विशीतल्या रमाबाई डोंगरे यांचं संस्कृतचं ज्ञान पारखलं आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. रमाबाईंना शिकवलं होतं त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. डोंगरे कुटुंबाची तीर्थयात्रा वर्षानुवर्षं चालली होती. मुक्काम पडेल तिथे आई भल्या पहाटे मुलीला उठवायची आणि पाठ घ्यायची. कोलकात्यात प्रश्न होता तो एवढाच, की हिला येतं किती.

एव्हाना परीक्षा संस्थांच्या हाती जाऊ लागली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि दोनच वर्षांत मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. शाळेत न जाता परीक्षेला बसण्याची सोय मात्र टिकली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेला बसू दिलं. ज्यांना घराबाहेर पडणंच अवघड होतं, त्यांच्यासाठी ते दार फार मोलाचं होतं.

आज महाराष्ट्रात ‘बाहेरून बसणे’ म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं, तर हाच अर्ज भरावा लागतो. त्यासोबत जोडायचं मुख्य कागदपत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मग एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि अंतर्गत गुणांचं काम तिच्यामार्फत होतं. अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्या कामगाराला, लवकर लग्न झालेल्या मुलीला या फॉर्मने पुन्हा उभं केलं आहे, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण नियमाने डोळ्यांसमोर धरलेला विद्यार्थी ‘शाळा सोडलेला’ आहे. जे मूल शाळेत गेलंच नाही, त्याने दाखला कुठून आणायचा? आईबापांनी विचारपूर्वक घरी शिकवलेलं मूल या अर्जात गळतीच्याच रांगेत उभं राहतं.

म्हणून अशी बरीच कुटुंबं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे वळतात. ते १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झालं. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. घरच्या शिक्षणाच्या चालीला हे साजेसं आहे. गणितात पुढे असलेल्या मुलाला भाषेसाठी थांबून राहावं लागत नाही. मात्र दहावीच्या प्रवेशासाठी वय किमान १४ लागतं.

त्याआधीचं काय? खरी गुंतागुंत तिथेच आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० ने पालकांचं कर्तव्य ठरवलं. पण ते न पाळल्यास शिक्षा ठेवली नाही आणि घरच्या शिक्षणाचा उल्लेखही केला नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कलम ३० मध्ये आहे, पण तेही शाळेतल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवूनच. मुक्त विद्यालयाचा लहान मुलांसाठीचा अभ्यासक्रमही या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका पुढे आली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये केंद्राने तिथे प्रतिज्ञापत्र दिलं की, घरी शिकवण्याच्या आड हा कायदा येत नाही. नंतर ते मागेही घेतलं. ज्यांची मुलं तेव्हा आठ-दहा वर्षांची होती, त्या पालकांनी त्या काळात काय समजायचं?

परीक्षा दिली नाही तर पुढची दारं बंद, आणि पार पडली तरी ती उघडतीलच असं नव्हतं. २०१६ मध्ये मुंबईची घरी शिकलेली एक मुलगी संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. तिच्याकडे दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नव्हती आणि बारावीच्या अटीमुळे आयआयटीचा रस्ता बंद होता. २०१८ मध्ये तर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाचे आणि खासगी विद्यार्थी अपात्र ठरवले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती अट रद्द केली, तरी प्रश्न निकाली निघायला २०२४ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा पात्रता मान्य केली. मधल्या सहा वर्षांत डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या किती मुलांनी टांगत्या तलवारीखाली अभ्यास केला असेल, या विचाराने जीव तुटतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुक्त विद्यालयांनी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे स्तर चालवावेत, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रातही राज्य मंडळाच्या अखत्यारीत मुक्त विद्यालय मंडळ आलं असून, पाचवी आणि आठवीच्या परीक्षांची तरतूद त्यात आहे. घरी शिकणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपण कुठवर आलो हे दाखवणारा, सरकारमान्य कागद यातून मिळू शकतो. त्यासाठी अर्जावर ‘शाळेत कधीही दाखल नाही’ असा एक स्वच्छ पर्याय हवा, आणि तो निवडणाऱ्या पालकाकडून खुलासा मागितला जाऊ नये.