पुठ्ठ्याचे नौका-हल : आखणी आणि बांधणी

डेक, केबिन आणि डोलकाठी वगळली की बोटीचे जे पोकळ, पाण्यावर तरंगणारे अंग उरते त्याला हल म्हणतात. प्रतिकृती-नौकांचे हल लाकूड, प्लॅस्टिक किंवा फायबरग्लासप्रमाणेच पुठ्ठ्याचेही करता येतात. पुठ्ठा स्वस्त असतो आणि साध्या कटरने कापला जातो, पण या कामात त्याचा सर्वांत महत्त्वाचा स्वभाव वेगळाच आहे. तो एका दिशेने सहज वाकतो, मात्र ताणला जात नाही. हल चांगला होणार की त्यावर सुरकुत्या पडणार, हे बहुतेक वेळा गोंद लावण्याआधी, आखणीच्या कागदावरच ठरलेले असते.

कागदाचा ताव नळीसारखा किंवा शंकूसारखा वळवता येतो. चेंडूवर मात्र तो चुण्या पडल्याशिवाय बसत नाही. यामागचे गणित जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाऊस यांनी १८२७ मध्ये मांडले. पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवला तरी त्याची गाऊसीय वक्रता, म्हणजे एका बिंदूपाशी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वळणाऱ्या दोन दिशांच्या वक्रतांचा गुणाकार, बदलत नाही. सपाट तावाची ही वक्रता शून्य असते, त्यामुळे एकाच ठिकाणी दोन दिशांनी फुगणारा आकार त्यातून निघत नाही. शून्य वक्रतेची जी पृष्ठे सपाट उलगडता येतात, त्यांना विकसनीय पृष्ठे म्हणतात. पुठ्ठ्याचा हल शक्य तितका अशाच पृष्ठांचा बनवावा.

म्हणूनच बाजू आणि तळ ठळक कोनात मिळणारा कोनी हल पुठ्ठ्याला सर्वांत मानवतो. सपाट तळाच्या होड्या, बार्जेस, अनेक टगबोटी आणि वेगवान मोटरबोटी या घाटाच्या असतात. गोल पोटाची बोट हवी असेल तर एकाऐवजी दोन-तीन कोन घेऊन गोलाईच्या जवळ जाता येते, किंवा अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवता येतात. गोल टोके मात्र पाकळ्यांसारखे काप देऊन जुळवावी लागतात, आणि तिथे लांबी (पुट्टी) भरून घासण्याचे काम टळत नाही.

आखणी नेहमीच्या तीन चित्रांनी होते : बाजूने दिसणारी आकृती, वरून दिसणारी आकृती आणि ठरावीक अंतरांवर घेतलेले आडवे छेद. हे छेद म्हणजेच पुढे फासळ्या होतात. इथे एक बारकावा वारंवार सुटतो. पुठ्ठा पुढच्या टोकाकडे वळतो तेव्हा तो शंकूच्या पृष्ठासारखा वळतो. त्या पृष्ठावरच्या सरळ रेषा छेदांच्या प्रतलात नसतात, तिरप्या जातात. त्यामुळे कोनापासून डेकच्या कडेपर्यंतचा छेद सरळ न येता किंचित वक्र येतो. नकाशावर सरळ दिसते म्हणून फासळी सरळ कापली, तर पुठ्ठा तिच्याशी भांडतो आणि दोन फासळ्यांमध्ये पोचा किंवा फुगवटा येतो. फ्रीशिप, डेल्फ्टशिप यांसारखे संगणक प्रोग्रॅम बाजू सपाट उलगडून देतात. हाताने करायचे असल्यास पृष्ठाचे लांबट त्रिकोण पाडून ते एकापुढे एक कागदावर उतरवतात. उभ्या केलेल्या फासळ्यांवर पातळ कागद ताणून कडा पेन्सिलीने उतरवून घेणे ही पद्धतही चांगली, कारण बांधकामात शिरलेला मिलिमीटरभर फरक ती आपोआप सांभाळून घेते.

आकाराबरोबर वजनाचाही हिशेब आधीच करावा. समजा मूळ बोट ३० मीटर लांब, ७ मीटर रुंद आहे आणि २.५ मीटर पाण्यात बुडते. या मापांच्या पूर्ण ठोकळ्यापैकी ५५ टक्के जागा हलने व्यापली, तर बुडालेले आकारमान सुमारे २८९ घनमीटर येते. १:५० प्रमाणात लांबी ६० सेंटिमीटर होते, पण आकारमान ५० च्या घनाने, म्हणजे १,२५,००० पटींनी घटते. गोड्या पाण्यात ही प्रतिकृती सुमारे २.३ किलो वजनाला पाणरेषेवर (पाणी हलला जिथवर लागायला हवे त्या रेषेवर) येईल. तीनशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटचे दोन थर दिले तरी बाहेरच्या आवरणाचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपासच राहते. पुठ्ठ्याचा हल जड होईल ही भीती म्हणूनच निराधार आहे. उलट बॅटरी आणि शिसे शक्य तितके खाली ठेवून वजन वाढवावे लागते. स्थैर्य मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते : पाणरेषेवरच्या पृष्ठाचा क्षेत्रीय जडत्व-आघूर्ण (ते पृष्ठ बोटीच्या कलण्याला किती विरोध करते याचे माप) रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. वरील हलची रुंदी १४ ऐवजी १६ सेंटिमीटर केली, तर तो जवळजवळ दीडपट होतो. तरंगवण्यासाठीची प्रतिकृती मापापेक्षा थोडी रुंद करणे यामुळे क्षम्य मानावे. शोभेच्या प्रतिकृतीत त्याची गरज नाही.

सांगाड्यासाठी १ ते २ मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड (राखाडी, टणक पुठ्ठा) घेतात. मधला उभा कणा आणि आडव्या फासळ्या यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवतात. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. घट्ट झाली तर कणा वाकतो आणि ते वळण पुढे काही केल्या जात नाही. नकाशा हलच्या बाहेरच्या पृष्ठाचा असेल, तर आवरणाच्या जाडीइतकी फासळी चारही बाजूंनी आत घ्यावी. पोलंडमधील १:२०० आणि जर्मनीतील १:२५० प्रमाणाच्या कागदी जहाजांची मोठी परंपरा याच सांगाड्यावर उभी आहे. त्यांतील बरीच जहाजे पाणरेषेपर्यंतच बनवतात आणि तळाची कटकट टाळतात.

आवरण चढवताना तंतूंची दिशा पाहावी. तंतूंना समांतर घडी सहज पडते, आडवी घडी तुटक येते. ओलाव्याने कागद फुगतो तोही प्रामुख्याने तंतूंच्या आडव्या दिशेने. लांब बाजूंसाठी तंतू कुठे ठेवायचे, हे वळण कुठे जास्त आहे त्यावर ठरवावे. डावा तुकडा पूर्ण चिकटवून मग उजवा घेतला, तर सुकताना हल केळीसारखा वाकतो. म्हणून दोन्ही बाजू जोडीने, थोड्या थोड्या पुढे न्याव्यात. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. दुसऱ्याचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. फासळ्यांमधल्या पोकळीत आधार दिला नाही, तर रंग लागल्यावर प्रत्येक फासळी बाहेरून मोजता येते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा आतल्या भरावाला ठीक, आवरणाला नाही. त्याच्या पन्हळी वळणावर चेपतात.

पाण्याने पुठ्ठा दुबळा का होतो? त्यातले सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि पाणी ते बंध सोडवते. कापलेल्या कडा सर्वांत आधी पाणी ओढतात. त्यांत पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा) गोंद मुरवला तर त्या कडक होतात आणि घासताही येतात. बाकी पृष्ठाला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, वॉर्निश किंवा इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारे रेझिन) देतात; पाण्यात वारंवार सोडायच्या बोटीवर इपॉक्सीबरोबर पातळ काचकापड चढवणे उत्तम. आतली बाजू कोरी सोडणे ही घातक काटकसर आहे, कारण थोडेफार पाणी आत शिरतेच, आणि एकाच बाजूने सील केलेला पुठ्ठा दमट हवेतही वळतो. थर्मोकोल भरला असेल तर पॉलिस्टर रेझिन टाळावे, ते थर्मोकोल विरघळवते. इपॉक्सीचा त्याला त्रास होत नाही.

नीट सील केलेला कागद पाण्यात टिकतो, हे माणूस वाहून नेणाऱ्या होड्यांनीही दाखवले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे वॉटर्स कुटुंब १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून लाकडी साच्यावर कागद चढवून शर्यतीच्या होड्या बनवत असे. त्यांच्याच कागदी कनूमधून (अरुंद, वल्ह्यांच्या होडीतून) नथॅनिएल बिशप यांनी १८७४-७५ मध्ये ट्रॉयपासून फ्लोरिडाच्या मेक्सिको आखाताकडील किनाऱ्यापर्यंतचा प्रवास केला.

मोटरच्या बोटीत दोन छिद्रांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पंख्याच्या दांड्याची नळी ग्रीसने भरतात. सुकाणूच्या नळीचे वरचे तोंड पाणरेषेच्या वर ठेवतात, म्हणजे गळतीचा प्रश्नच येत नाही. दोन्ही नळ्या बसवण्याआधी छिद्रांच्या कडा इपॉक्सीने भरून घ्याव्यात. डेकला उघडता येणारे झाकण ठेवावे आणि प्रत्येक फेरीनंतर ते काढून हल आतून पूर्ण वाळू द्यावा.