अर्धवट फ्लशवर ऑल-इन कधी?

पोकरमधला ब्लफ, म्हणजे हातात दम नसताना बाजी लावून समोरच्याला घाबरवणं, म्हणजे थंड डोकं आणि निर्विकार चेहरा, अशी समजूत सिनेमांनी पक्की करून ठेवली आहे. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंशी नो-लिमिट होल्डेमचे (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच आणि बाजीला मर्यादा नाही असा पोकरचा प्रकार) १,२०,००० डाव खेळून चौघांनाही हरवलं. तिला कुणाचाही चेहरा दिसत नव्हता, तरी ती बेधडक ब्लफ करत होती. ब्लफ ही स्वभावाची नव्हे तर गणिताची गरज आहे, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ सालीच पोकरच्या एका सोप्या नमुन्यावर मांडलं होतं.

ब्लफच्या सगळ्या प्रकारांत गणिताला सर्वांत जास्त वाव देणारा प्रकार म्हणजे सेमी-ब्लफ. आत्ता हातात काही नाही, पण पुढच्या पत्त्यांवर काहीतरी मोठं जुळू शकतं. अशा वेळी सगळ्या चिप्स पुढे सरकवायच्या, म्हणजे ऑल-इन जायचं. समोरच्याने फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले, तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, लगेच आपला. त्याने कॉल केलं, म्हणजे आपल्याइतक्याच चिप्स घातल्या, तरी पत्ता लागण्याची आशा शिल्लक राहते.

एक डाव घेऊ. आपल्याकडे बदामची दश्शी आणि नव्वी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामचा राजा, बदामची छक्की आणि किलवरची दुर्री. बदामाचे चार पत्ते झाले, फ्लशला, म्हणजे एकाच जातीच्या पाच पत्त्यांना, पाचवा हवा. कॅटमध्ये १३ बदाम असतात, म्हणजे ९ बाकी. न दिसलेले पत्ते ४७. टर्न आणि रिव्हर (टेबलावरचा चौथा आणि पाचवा पत्ता) या दोन्ही वेळा बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ × ३७/४६, म्हणजे ६५ टक्के. तेव्हा फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के. टेबलावर बसून हा गुणाकार होत नाही, म्हणून खेळाडू उपयोगी पत्त्यांची संख्या फ्लॉपवर चारने आणि टर्नवर दोनने गुणतात. नऊ पत्त्यांना ३६ आणि १८ येतात, खरे आकडे ३५ आणि १९.६. फ्लश आणि दोन्ही टोकांची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते, कुठल्याही टोकाला एक हवा) असे १५ उपयोगी पत्ते असले, तर मात्र चारचा नियम ६० सांगतो आणि खरं उत्तर ५४ असतं. मोठ्या ड्रॉला, म्हणजे अनेक पत्त्यांनी पुरा होऊ शकणाऱ्या अर्धवट हाताला, हा नियम फुगवतो, हे लक्षात ठेवावं.

आता मुख्य हिशेब. पॉटमध्ये १०० चिप्स, दोघांकडे प्रत्येकी १५० उरलेल्या, पाळी आपली. कॉल झालं तर एकूण पॉट ४०० चा होतो. त्यातला ३५ टक्के वाटा १४०, आपण घातले १५०. सरासरी तोटा फक्त १०. समोरच्याने फोल्ड केलं तर फायदा १००. म्हणजे त्याने दर ११ वेळांत एकदा फोल्ड केलं तरी आपण बरोबरीत सुटतो. हातात खरोखर काहीच नसतं, तर हीच बाजी वसूल व्हायला त्याने ६० टक्के वेळा फोल्ड करावं लागलं असतं. सेमी-ब्लफची सगळी ताकद ६० आणि ९ या दोन आकड्यांतल्या अंतरात आहे.

हीच बाजी टर्नवर लावून पाहा. पत्ते तेच, पॉट तोच, चिप्स त्याच. फक्त आता एकच पत्ता यायचा आहे. शक्यता ९/४६. चारशेतला वाटा ७८, तोटा ७२. आता बरोबरीसाठी ४२ टक्के फोल्ड लागतात. फ्लॉपवर हात आखडता घेऊन टर्नवर जोर करणारे इथेच पैसे घालवतात.

पण बरोबरीत सुटणं पुरेसं नाही. तुलना शून्याशी नाही, चेक करण्याशी, म्हणजे बाजी न लावता पाळी पुढे देण्याशी करायची. चेक करून दोन्ही पत्ते फुकट पाहायला मिळाले, तर शंभरातला ३५ चा वाटा आपला असतोच. ऑल-इनने त्याहून जास्त द्यायला हवं, आणि त्यासाठी फोल्डचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या वर लागतं. प्रत्यक्षात दोन्ही पत्ते फुकट क्वचितच मिळतात, म्हणून ही मर्यादा थोडी खाली येते. पण ९ वर मात्र कधीच नाही.

मग समोरचा किती वेळा फोल्ड करेल, हे कसं ठरवायचं? इथे नजरेत नजर घालून काही मिळत नाही, पत्त्यांच्या जोड्या मोजाव्या लागतात. त्याच्याकडे काय काय असू शकतं याची यादी, म्हणजे त्याची रेंज, मांडायची. समजा राजांची, छक्क्यांची किंवा दुर्रींची जोडी धरून तो सेटवर, म्हणजे एकाच आकड्याच्या तीन पत्त्यांवर, बसलाय. प्रत्येकी एक पत्ता फ्लॉपवर गेलाय, उरलेल्या तिनांतून दोन निवडायचे ३ प्रकार, एकूण ९. एक्का-राजा: ४ एक्के, ३ राजे, १२ प्रकार. राजा-राणी: तेही १२. हे ३३ हात कॉल करतील. राणी, गुलाम, अठ्ठी, सत्ती यांच्या जोड्या प्रत्येकी ६ आणि दश्शी-नव्वीच्या जोड्या प्रत्येकी ३, असे ३० हात राजाला घाबरून फोल्ड होतील. दश्शी आणि नव्वी आपल्याच हातात असल्यामुळे त्या जोड्या सहावरून तीनवर आल्या. याला ब्लॉकर म्हणतात, आणि इथे आपले ब्लॉकर फोल्ड होणारेच हात कमी करतायत, म्हणजे आपल्याला नडतायत. नव्वीऐवजी बदामचा एक्का असता, तर एक्का-राजाचे १२ प्रकार ९ वर आले असते. कॉल करणारे कमी झाले असते. एक्क्याचा ड्रॉ सेमी-ब्लफला इतका का मानतात, त्याचं एक कारण हे.

६३ पैकी ३० म्हणजे ४८ टक्के फोल्ड. कॉल झालं तर? एका जोडीसमोर आपले ३५ टक्के, पण सेटसमोर सुमारे २५ च, कारण फ्लश लागूनही फ्लॉपच्या पत्त्याची जोडी आली की त्याचं फुल हाउस (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) होतं, आणि ते फ्लशच्या वर असतं. सरासरी ३२ टक्के. चारशेच्या हिशेबात तोटा २१. सगळं जोडून ऑल-इनची किंमत, म्हणजे सरासरी फायदा, सुमारे ३७ निघते. फुकट पत्त्यांच्या ३५ पेक्षा किंचित वर. बाजी लावावी, पण थाटामाटात नाही. यादीत फक्त राणीची जोडी कॉलच्या बाजूला गेली, तरी किंमत २५ च्या आसपास घसरते.

गणित बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. समोर दोन खेळाडू असले, तर दोघांनीही फोल्ड करायला हवं, म्हणून ४८ टक्क्यांचा वर्ग करावा लागतो: २३. समोरच्याकडे बदामाचाच वरचा ड्रॉ असेल, तर आपले नऊही पत्ते त्याचेच होतात. त्याच्याकडे ४० च चिप्स उरल्या असतील, तर त्याला कॉल करायला २२ टक्के शक्यता पुरते आणि तो सहसा फोल्ड करत नाही. उलट ५०० चिप्स पुढे ढकलल्या, तर आपल्याला ५३ टक्क्यांहून जास्त फोल्ड लागतात. उरलेल्या चिप्स पॉटच्या एक ते दोन पट असतात तेव्हाच ही चाल सर्वांत चांगली बसते. आणि ऑल-इन लावणं वेगळं, ऑल-इनला कॉल करणं वेगळं. कॉल करणाऱ्याला समोरच्याच्या फोल्डमधून काहीच मिळत नाही.

“मघापासून एकही फ्लश लागला नाही, आता लागणारच” या भरवशावर चिप्स ढकलणारे प्रत्येक टेबलावर भेटतात. पिसलेल्या कॅटला मागचा डाव आठवत नसतो, ३५ टक्के हे ३५ च राहतात. हे गणित शिकून दरमहा ठरावीक कमाई होते, असं सांगणाऱ्या जाहिरातीही तितक्याच खोट्या आहेत. वरच्या डावात अचूक निर्णय घेऊनसुद्धा कॉल झाल्यावर तीनपैकी दोन वेळा सगळं जातं, आणि कॅसिनोची कपात वेगळीच.

स्पर्धेत आणखी एक गुंतागुंत येते. तिथे चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही, पण शून्य झाल्या की खेळ संपतो. त्यामुळे बक्षिसांच्या उंबरठ्यावर वरच्यासारखी ३७ विरुद्ध ३५ ची बाजी सोडून द्यावी. समोरचा आपल्याहून कमी चिप्सचा असेल आणि बाद व्हायची भीती त्याला जास्त असेल, तर मात्र त्याचं फोल्ड करण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा हाच हिशेब नव्या आकड्याने पुन्हा मांडावा.