वरचं १२०, खालचं ८०

‘वरचं ठीक आहे, खालचं जरा जास्त आहे.’ चाळिशी ओलांडलेलं कुणी ना कुणी घरात असतंच, त्यामुळे हे वाक्य ऐकलेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. ‘त्यांना बीपी आहे’ असंही आपण सर्रास म्हणतो. खरं तर बीपी प्रत्येकालाच असतं, नसेल त्याला हार घालायची वेळ आलेली असते. पण म्हणायचं काय आहे ते सगळ्यांना कळतं.

हे दोन आकडे जुळ्या भावंडांसारखे एकत्र येतात म्हणून त्यांचा जन्मही एकत्रच झाला असेल असं वाटतं. तसं नाही. वरचा आकडा १८९६ सालच्या ट्युरिनचा, खालचा १९०५ सालच्या सेंट पीटर्सबर्गचा. ज्या पाऱ्यात ते मोजले जातात तो १८२८ सालच्या पॅरिसमधून आला. आणि ते वाढले तर वाईट, ही आज शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट डॉक्टरांच्या गळी उतरायला १९६७ साल उजाडावं लागलं. त्या वाटेवरचा एक टप्पा मुंबईत, परळच्या केईएममध्ये आहे.

सुरुवात एका घोडीपासून. लंडनजवळ थेम्सकाठच्या टेडिंग्टन गावात स्टीफन हेल्स नावाचे पाद्री होते. प्रवचनांतून उरलेला वेळ ते झाडांमधला रस आणि जनावरांचं रक्त किती जोरानं वाहतं हे मोजण्यात घालवत. त्यांनी एक म्हातारी, निकामी झालेली घोडी उताणी बांधली, तिच्या मांडीतली धमनी उघडली, त्यात पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं. तिथे ते स्थिरही राहिलं नाही, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला दोन-चार इंच वरखाली होत राहिलं. आजच्या मापात ही उंची १९०च्या पुढे जाते. जिवंतपणी बांधून कापलेल्या घोडीचं बीपी याहून कमी असेल तरच नवल. हेल्स यांनी हे १७३३ साली छापलं. शेजारच्याच गावात राहणारे कवी अलेक्झांडर पोप त्यांचे स्नेही होते, पण हा रक्तानं हात माखण्याचा उद्योग त्यांना मुळीच रुचत नसे.

माणसाच्या धमनीत अशी नळी खुपसली तर रक्त किती चढेल? हेल्स यांचा अंदाज होता साडेसात फूट. प्रत्यक्षात १२० म्हणजे रक्ताची सुमारे पाच फूट उंची. अंदाज चुकला, पण एक मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. हृदय ठोक्याठोक्यानं रक्त फेकतं, मग ते पुढे बऱ्यापैकी सलग कसं वाहतं? त्यांनी आगीच्या बंबाची उपमा दिली. बंबाचा दांडा खालीवर होत असला तरी मधल्या घुमटातली हवा दाबली जाते आणि पाण्याची धार तुटू देत नाही. आपल्या शरीरात हे काम महाधमनी करते. हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावला की एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त तिच्यात घुसतं, ती फुगते, आणि हृदय विसावा घेत असताना पुन्हा आकसत ते रक्त पुढे ढकलत राहते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधे दाब शून्यावर येत नाही, ऐंशीच्या आसपास थबकतो. खालचा आकडा तो हाच. उतारवयात ही महाधमनी ताठर होते, फुगणं कमी होतं, आणि मग वरचा आकडा चढतो नि खालचा जागीच राहतो किंवा उतरतो. आजी-आजोबांच्या कागदावर १६०/७० दिसतं ते यामुळे.

नऊ फुटांची नळी घेऊन कोण फिरणार? पॅरिसमध्ये जाँ पॉयझ्वीय या तरुण डॉक्टरानं १८२८च्या आपल्या प्रबंधात तोडगा काढला. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, तेव्हा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीत पारा भरला की फुटांचं काम मिलिमीटरवर येतं. पाऱ्याचे मिलिमीटर आपल्या मानगुटीवर बसले ते तेव्हापासून. याच उपकरणानं त्याला दिसलं, की हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत आणि लांबच्या धमनीत दाब जवळपास सारखाच असतो. मग दाब जिरतो कुठे? पुढे काही वर्षं तो केसासारख्या बारीक काचनळ्यांतून द्रव पदार्थ सोडून मोजत बसला आणि एक नियम हाती लागला: नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा नाही, सोळावा हिस्सा उरतो.

हा नियम समजला की बीपीचं अर्धं कोडं सुटतं. आपल्या शरीरात केशवाहिन्यांच्या अलीकडे ज्या सूक्ष्म धमन्या असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. नळाच्या तोट्याच म्हणा. दाब मुख्यतः इथे जिरतो. या तोट्या दहा टक्क्यांनी आवळल्या तर तेवढंच रक्त पुढे पाठवायला दाब जवळजवळ दीडपट लागेल. रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि रक्तवाहिनी म्हणजे काचेची नळी नव्हे, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण बिघाडाची जागा तो बरोबर दाखवतो.

हे सगळं जनावरांवर चाललं होतं. जिवंत माणसाची धमनी न कापता दाब मोजायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकभर झाले, आणि त्यातलं टिकलं ते स्किपिओने रिवा-रोची यांचं १८९६चं उपकरण. त्यातलं सामान बघण्यासारखं आहे: सायकलच्या चाकाची ट्यूब, हवा भरायचा रबरी फुगा, पाऱ्यासाठी पितळेची दौत. ट्यूब दंडाभोवती आवळायची आणि मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी झाली की पारा वाचायचा. वरचा आकडा मिळाला. नामवंत अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग १९०१मध्ये इटलीत पाव्हियाला गेले असताना त्यांनी हे रुग्णाच्या खाटेशी वापरात असलेलं पाहिलं आणि बाल्टिमोरला नेलं. तिकडच्या जुन्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. नाडीवर बोट ठेवून जे कळतं त्यापुढे हा फुगा काय सांगणार? आपल्याकडच्या नाडीवाल्या वैद्यांशी त्यांचं छान जमलं असतं.

खालचा आकडा मात्र बोटांनी मिळणारा नव्हता, त्याला कान लागले. निकोलाय कोरोत्कोव हा रशियन शल्यचिकित्सक जपानशी चाललेल्या युद्धात मांचुरियातल्या हार्बिनला होता. गोळी लागून धमनी फाटलेले सैनिक त्याच्यापुढे येत. धमनी बांधून टाकली तर हात-पाय वाचेल का, आजूबाजूच्या वाहिन्या रक्त पुरवतील का, हे ठरवायला तो स्टेथोस्कोप लावून वाहिन्या ऐकत असे. त्यातून त्याला जे सुचलं ते त्यानं नोव्हेंबर १९०५मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत मांडलं. छापील मजकूर पानभरही नाही. एवढ्याशा मजकुरावर शंभराहून अधिक वर्षं जगभरचे दवाखाने चाललेत.

निरोगी धमनीला स्टेथोस्कोप लावला तर काहीही ऐकू येत नाही, कारण संथ वाहणारं रक्त आवाज करत नाही. पट्टा पुरता आवळला तरी शांतताच, कारण रक्तच जात नाही. या दोन टोकांच्या मधे गंमत होते. हवा सोडता सोडता एका क्षणी हृदयाचा जोर पट्ट्याच्या दाबाला किंचित भारी पडतो, मिटलेली धमनी ठोक्यापुरती उघडते आणि पुन्हा मिटते. कानात पहिलं ‘टक्’ येतं, तो वरचा आकडा. टक्-टक् चालू राहतं, मग बोदं होतं, आणि धमनी अजिबात मिटेनाशी झाली की विरून जातं. तो खालचा. आमच्या लहानपणी गल्लीतल्या डॉक्टरांकडे राखाडी पत्र्याची पेटी होती. तिचं झाकण उघडलं की त्याच झाकणात काचेची नळी उभी राहायची. पारा उतरताना मधेच दचकल्यासारखा थोडा थोडा उडायचा, तो कोरोत्कोवच्या आवाजांच्याच तालावर, हे फार उशिरा कळलं.

मोजता आलं. पण मोजलेल्याचं करायचं काय? इथून पुढची साठ वर्षं मला या इतिहासात सगळ्यात चमत्कारिक वाटतात. कारण सापडत नाही अशा उच्च रक्तदाबाला ‘इसेन्शियल’ म्हणजे ‘अत्यावश्यक’ हे विशेषण चिकटलं होतं, आणि पुष्कळ नामांकित डॉक्टरांनी ते शब्दशः घेतलं. वाहिन्या अरुंद झाल्या, म्हणून शरीर जोर वाढवून रक्त पोचवतंय, तेव्हा त्यात ढवळाढवळ करू नका, असं ते सांगत. पॉयझ्वीयचा नियमच त्यांनी उलट्या हातानं धरला होता.

याची किंमत मोजणारा सर्वांत ठळक रुग्ण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४१मध्ये त्यांचं बीपी १८८/१०५ होतं. मार्च १९४४मध्ये नौदलाचे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा १८६/१०८, हृदय वाढलेलं, फुप्फुसात पाणी साचू लागलेलं. ब्रुएन यांच्या हाती होतं काय? डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध, मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती. लोकांना सांगितलं जात होतं की अध्यक्षांची तब्येत वयाच्या मानानं उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० होता. दुपारीच त्यांचं निधन झालं.

त्या काळी इलाज नव्हतेच असं नाही, पण ते रोगापेक्षा जड होते. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची मोठी शस्त्रक्रिया करत. नॉर्थ कॅरोलिनात वॉल्टर केम्पनर रुग्णांना महिनोन्‌महिने भात, फळं आणि साखर एवढ्यावर ठेवत. मीठ जवळजवळ शून्य. बीपी उतरायचं, पण बिनमिठाच्या भातावर महिने काढणं किती जणांना जमणार?

सोपं, तोंडानं घ्यायचं औषध ज्या झाडातून आलं ते आपल्याकडच्या जंगलातलं: सर्पगंधा. साप-विंचू, ताप, वेड अशा सगळ्यांवर तिचं मूळ पिढ्यान्‌पिढ्या दिलं जात होतं. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडतं असं छापलं, पण भारताबाहेर ते कुणी फारसं वाचलं नाही. केईएममध्ये काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९मध्ये तो ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. शेकडो वैद्य-डॉक्टरांना जे अनुभवानं माहीत होतं, ते त्यांनी आकड्यांत मांडलं. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचून मुळ्या मागवल्या आणि स्वतःच्या रुग्णांवर पडताळून पाहिलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, ते रेसर्पिन. मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेलं नॉरअॅड्रेनलिन हे निरोप्या रसायन ते संपवतं, ‘आवळून धरा’ असा निरोप सूक्ष्म धमन्यांपर्यंत पोचत नाही आणि तोट्या सैल पडतात. वकील यांना १९५७मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. केईएमचं नाव काढलं की रक्ताच्या बाबतीत तिथे सापडलेला ‘बॉम्बे रक्तगट’ सगळ्यांना आठवतो. वकील यांचं नाव मात्र डॉक्टरांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नाही, हे मला नेहमी खटकतं.

रेसर्पिननं काही रुग्णांना खोल उदासी येते असं दिसू लागलं, नवी औषधं आली आणि ते मागे पडलं. (त्या नव्यांपैकी कॅप्टोप्रिलचा धागा ब्राझीलमधल्या एका नागिणीच्या नव्हे, तर घोणसाच्या जातकुळीतल्या सापाच्या विषापाशी पोचतो. सर्पगंधेनंतर खुद्द सर्पच.) पण मागे पडण्यापूर्वी ते एका निर्णायक कामी आलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. अर्ध्यांना तीन औषधं एकत्र दिली, त्यात रेसर्पिन होतं. उरलेल्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. निकाल १९६७मध्ये छापून आला. खोट्या गोळ्यांच्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणं, मृत्यू अशा गंभीर घटनांची रांग लागली होती, औषधांच्या गटात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. ‘ढवळाढवळ नको’ म्हणणाऱ्यांचं तोंड त्या दिवशी बंद झालं.

आता पाराही चाललाय. तो विषारी म्हणून पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानं २०२०नंतर अशी नवी उपकरणं बनवणं थांबवायचं ठरवलं. घरातलं बॅटरीचं यंत्र काही ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं आणि दोन्ही आकडे सूत्रानं काढतं. एकक मात्र पाऱ्याच्या मिलिमीटरचंच.

हेल्स यांची नळी अजून लागू आहे. रक्ताची तेरा मिलिमीटर उंची म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर. म्हणजे पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीपेक्षा वीतभर खाली लोंबकळत असेल, तर वाचन बारा-पंधरांनी फुकटच चढतं. जाड दंडाला छोटा पट्टा ताणून बसवला तरी आकडा वाढतो. रिवा-रोची यांच्या अरुंद ट्यूबमधला हा दोष १९०१मध्येच लक्षात आला होता. सासूबाईंचा पट्टा जावईबापूंच्या दंडाला कसाबसा चिकटवून, ‘बघा, तुमचंही वाढलंय’ म्हणण्याआधी दुसऱ्या मापाचा पट्टा आणून, हात टेबलावर ठेवून, पाच मिनिटांनी पुन्हा बघावं.